हौस, हिशेब आणि आगगाडी

भुसावळहून जळगाव, पाचोरा, चाळीसगाव अशी स्थानके घेत मुंबईकडे जाणारा लोहमार्ग खानदेशवासीयांच्या नित्य परिचयाचा आहे. उत्तरेतून ग्वाल्हेर, झांशी, भोपाळ, इटारसीमार्गे येणाऱ्या अनेक गाड्या याच मार्गाने मुंबई गाठतात. या मार्गावरच्या पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी एक चिमुकली गाडी होती. तिला सारा परिसर ‘पी.जे.’ या नावानेच ओळखत असे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ही गाडी थांबली. त्याच सुमारास, येथून शेकडो मैल उत्तरेला, ग्वाल्हेरहून श्योपूरकडे जाणारी तिच्याहूनही अरुंद रुळांची गाडी थांबली. पी.जे.च्या दोन रुळांतील अंतर अडीच फूट, तर ग्वाल्हेरच्या गाडीचे अवघे दोन फूट. पी.जे. एका खासगी कंपनीने धंद्याचा विचार करून बांधली होती. ग्वाल्हेरच्या गाडीचा उगम मात्र एका मराठी राजाच्या हौसेत होता. त्या राजाचे नाव महाराजा माधवराव शिंदे.

माधवराव शिंदे म्हटले की आजच्या वाचकाला विसाव्या शतकाच्या अखेरीस केंद्रात रेल्वेमंत्री असलेले माधवराव आठवतात. येथे ज्यांच्याविषयी लिहिले आहे ते त्यांचे आजोबा. १८७६ मध्ये जन्मलेले आणि १९२५ मध्ये पॅरिस येथे निधन पावलेले हे महाराज एका वस्तूमुळे जगभर प्रसिद्ध झाले. ही वस्तू म्हणजे जेवणाच्या मेजावर धावणारी चांदीची आगगाडी. संस्थानिकांच्या विलासाची गोष्ट निघाली की ही गाडी हटकून आठवते. परंतु तिच्या लखलखाटात तिच्या मालकाचा दुसरा स्वभाव झाकला गेला. एखादी वस्तू विकत घ्यावी की न घ्यावी, घेतली तर तिचे पुढे काय करावे, या प्रश्नाला त्यांनी आयुष्यभर जी वेगवेगळी उत्तरे दिली, त्यांचे परिणाम केवळ ग्वाल्हेरपुरते राहिले नाहीत.

दहाव्या वर्षी गादीवर

शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. राणोजी आणि महादजी यांच्या पराक्रमाने ते उत्तरेत स्थिरावले. खानदेशाशीही त्यांचा संबंध होता. यावलचा परगणा दीर्घकाळ शिंद्यांकडे होता. १८३७ मध्ये तो त्यांना परत मिळाला आणि १८४३ मध्ये पुन्हा इंग्रजांकडे गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस महाराजपूर आणि पनियार येथील लढायांत ग्वाल्हेरच्या फौजेचा पराभव झाला. तेव्हापासून या दरबाराचे लष्करी सामर्थ्य उरले नाही. उरला तो मुलूख, महसूल आणि खजिना.

या खजिन्याचा उपयोग लोहमार्गासाठी करण्याची कल्पना माधवरावांची नव्हती. त्यांचे वडील जयाजीराव यांनी आग्रा–ग्वाल्हेर लोहमार्गासाठी १८७२ मध्ये ब्रिटिश सरकारला ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले होते. पुढच्याच वर्षी इंदूर–नीमच मार्गासाठी त्यांनी जवळपास तेवढीच रक्कम दिली. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनीही खंडवा–इंदूर मार्गासाठी एक कोटी रुपये कर्ज दिले होते. लढाईची वाट बंद झालेल्या मराठी संस्थानिकांना लोहमार्गात पैसा गुंतवणे हा प्रतिष्ठेचा आणि व्याजाचाही मार्ग वाटू लागला होता. १८८९ पर्यंत ग्वाल्हेर झांशीमार्गे दक्षिणेकडील लोहमार्गाशी जोडले गेले. परिणामी मुंबईहून खानदेशमार्गे निघालेला मराठी माणूस थेट शिंद्यांच्या राजधानीत उतरू लागला.

जयाजीराव १८८६ मध्ये वारले तेव्हा माधवराव दहा वर्षांचेही नव्हते. राज्याचा कारभार मंडळाकडे गेला आणि राजपुत्राचे शिक्षण इंग्रज शिक्षकांच्या देखरेखीखाली झाले. १८९४ मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. पंचवीस हजार चौरस मैलांचे राज्य आणि वय अवघे अठरा, अशी ही सुरुवात होती. यंत्रांची ओढ मात्र त्याआधीपासूनची होती. हा तरुण राजा इंजिनाच्या तळात उभा राहून स्वतः गाडी हाकीत असे. कोळसा, वाफ आणि तेल यांचे त्याला वावडे नव्हते.

खेळण्यापासून लोहमार्गापर्यंत

१८९० च्या दशकात जयविलास राजवाड्याच्या परिसरात दोन फुटी रुळांची एक छोटी गाडी धावू लागली. महाराजांनी ती घेतली ती स्वतःच्या वापरासाठी. राजवाड्याचा परिसर आणि आजूबाजूची ठिकाणे यांच्यापलीकडे तिचे काम नव्हते. संस्थानिकांच्या घरी अशा वस्तूंची वाण नव्हती. मोटारी, घड्याळे, झुंबरे, वाद्ये यांची मागणी युरोपातील व्यापाऱ्यांकडे सतत नोंदवली जात असे आणि बऱ्याच वस्तू दोन-चार वर्षांत कोठीत जाऊन पडत. माधवरावांची गाडीही तशीच पडून राहिली असती, तर तिची नोंद करण्याचे कारण उरले नसते.

परंतु राजवाड्याच्या आवारात जे यंत्र चालते ते आवाराबाहेर का चालू नये, हा विचार महाराजांच्या मनात लवकरच आला. ग्वाल्हेरच्या भोवतीचा मुलूख अवघड होता. उत्तरेला भिंडकडे चंबळच्या खोऱ्यातील घळी, दक्षिणेला शिवपुरीकडे डोंगर आणि जंगल, पश्चिमेला श्योपूरकडे विरळ वस्तीचा प्रदेश. ब्रॉडगेजचा मार्ग येथे परवडण्यासारखा नव्हता. साडेपाच फुटी मार्गाला रुंद भराव, मोठे पूल आणि लांब वळणे लागतात. दोन फुटी मार्गाला मात्र हलके रूळ पुरतात, भराव अरुंद चालतो आणि घळीच्या कडेने तीव्र वळण घेता येते. जेथे मोठ्या गाडीसाठी डोंगर फोडावा लागेल, तेथे छोटी गाडी वळसा घालून जाते. वाहतूक थोडी आणि भांडवल मर्यादित असेल तर हा हिशेब पटण्याजोगा होता.

त्याच वर्षांत दख्खनमध्ये बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांवर सुरू झाली होती. अरुंद रुळांवरही गंभीरपणे मालवाहतूक करता येते, हे तिने दाखवून दिले. ग्वाल्हेरने त्याहूनही अरुंद माप निवडले. कारण उघड आहे. राजवाड्यातील गाडी त्याच मापाची होती. १८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते ग्वाल्हेर लाइट रेल्वेचे उद्घाटन झाले. भिंडकडे सुमारे ८५ किलोमीटर आणि शिवपुरीकडे सुमारे १२० किलोमीटर असे दोन फाटे सुरू झाले. तिसरा फाटा सबलगढमार्गे १९०९ मध्ये श्योपूरला पोहोचला. त्याची लांबी जवळपास २०० किलोमीटर होती आणि दोन फुटी मार्गांमध्ये जगातील अतिशय लांब मार्गांत त्याची गणना होत असे.

या निर्णयाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. घरच्या गाडीचे माप राज्याच्या लोहमार्गाला लागल्यामुळे ग्वाल्हेर स्थानकात प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागे. भारतात इतरत्र रूढ झालेल्या अडीच फुटी मार्गांचे डबे आणि इंजिनेही येथे चालत नसत. श्योपूरपर्यंतच्या प्रवासाला दहा-अकरा तास लागत. चालू गाडीतून उतरून पुन्हा चढता येते, असा विनोद या गाडीविषयी पिढ्यान्पिढ्या चालत आला. शिवपुरीचा मार्ग महाराजांच्या उन्हाळी मुक्कामाच्या आणि शिकारीच्या सोयीचा होता, हेही विसरून चालणार नाही. मात्र ज्या गावांपर्यंत पक्की सडक नव्हती, तेथपर्यंत धान्य, लाकूड, मीठ आणि माणसे पोहोचू लागली हेही तितकेच खरे. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळाने माळवा आणि खानदेश दोन्ही होरपळून निघाले. ग्वाल्हेर संस्थानची लोकसंख्या १८९१ च्या तुलनेत घटली आणि १९०१ मध्ये ती सुमारे २९ लाखांवर आली. ज्या प्रदेशात माणसे धान्याअभावी मरतात, तेथे लोहमार्ग ही केवळ हौसेची बाब राहत नाही, हे त्या दोन वर्षांनी सर्वांनाच शिकविले.

चांदीची गाडी

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराजांनी आणखी एक गाडी घेतली. हिचे इंजिन चांदीचे, डबे चांदीचे आणि रूळही चांदीचे. इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टन येथील बॅसेट-लोके या प्रतिकृती बनविणाऱ्या कंपनीने ती तयार केली, असे मानले जाते. जयविलासच्या भोजनगृहात लांबलचक मेजावर हे रूळ मांडलेले असत. विजेवर चालणारे इंजिन सात डबे ओढीत पाहुण्यांसमोरून जाई. डब्यांवर इंग्रजीतील ‘सिंदिया’ या नावाची सात अक्षरे होती. काही डब्यांत बिलोरी काचेच्या सुरया असत, तर काहींत चिरूट. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे आणि ती परत ठेवली की पुढे निघे. गाडीचे नियंत्रण महाराजांच्या हाताशी असे. एकदा व्हाइसरॉयच्या मेजवानीत या यंत्रणेने दगा दिला आणि गाडी बेफाम धावून पाहुण्यांच्या अंगावर खाद्यपदार्थ उडवू लागली, अशी आख्यायिका पुढे बरीच पसरली. महाराज थट्टेखोर होते, त्यांना पाहुण्यांची फजिती करणे आवडे, हे लक्षात घेता ही कथा रंगली यात नवल नाही.

प्रतिकृतींचा हा छंद त्या काळी युरोपात नुकताच बहरू लागला होता. बॅसेट-लोके कंपनीची स्थापना एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरची. जर्मनीतील न्यूरेम्बर्गच्या कारखान्यांत बनलेल्या पत्र्याच्या गाड्या आणि त्यांबरोबरच खऱ्या इंजिनाची मापे काटेकोरपणे घेऊन केलेल्या प्रतिकृती ती विकत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारागिरांनी अमेरिकेतील हौशी ग्राहकांसाठी पितळेची इंजिने आणि प्रवासी डबे बनविले. त्यांतील जुने डबे आजही संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. असा डबा घेण्यापूर्वी जाणता ग्राहक काही गोष्टी तपासतो. चाके सरळ आहेत का, पितळाचे सांधे निखळलेले नाहीत ना, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या घरच्या रुळांच्या वळणावर एवढा लांब डबा वळेल का. जो डबा घरच्या रुळांवर चालत नाही तो काचेच्या कपाटातच राहतो. तो घेणारा ग्राहक चालविण्यासाठी नव्हे, तर पाहण्यासाठी पैसे मोजीत असतो.

चांदीची गाडी जयविलासच्या मेजाच्या मापाने केलेली होती आणि ती चालत होती. पण ती मेजापलीकडे कुठेही जाणार नव्हती. तिने दुष्काळात धान्य वाहिले नाही की कोणाला गावी पोहोचविले नाही. एका बाजूला दोन फुटी गाडीसाठी राज्याचा महसूल आणि दुसऱ्या बाजूला मेजावरच्या गाडीसाठीही राज्याचाच महसूल. संस्थानात राजाची खासगी तिजोरी आणि रयतेचा पैसा यांच्यातील सीमारेषा अस्पष्टच असे. माधवरावांच्या चरित्राकडे पाहताना ही अडचण टाळता येत नाही. ते प्रजेला जबाबदार असलेले शासक नव्हते. कोणती खरेदी रयतेच्या हिताची आणि कोणती स्वतःच्या समाधानाची, हे ठरविणारे तेच होते.

गंगाजळीचा पैसा

शिंद्यांच्या खजिन्याला गंगाजळी म्हणत. सरकारी तिजोरीतील शिलकीसाठी आज मराठीत हा शब्द सर्रास वापरला जातो. ग्वाल्हेरच्या किल्ल्यातील तळघरांत हा खजिना लपविलेला होता आणि त्याची सांकेतिक खूण मुलाला सांगण्यापूर्वीच जयाजीराव वारले, अशी कथा शिंदे घराण्यात सांगितली जाते. पुढे माधवरावांना तो योगायोगाने सापडला, असे या कथेचे उत्तरार्ध सांगते. कथेतील अद्भुताचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. पूर्वजांनी जमिनीखाली पुरलेला पैसा उद्योगात घालण्याचे धैर्य या राजाने दाखविले.

याचे सर्वांत मोठे उदाहरण टाटांच्या पोलाद कारखान्याचे. जमशेटजी टाटा १९०४ मध्ये वारले. त्यांचे पुत्र दोराबजी यांनी लंडनच्या भांडवल बाजारात प्रयत्न करून पाहिला, परंतु तेथे प्रतिसाद मिळाला नाही. १९०७ मध्ये स्वदेशीच्या लाटेवर टाटांनी भारतीयांनाच आवाहन केले. मुंबईच्या कचेरीसमोर रांगा लागल्या आणि सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत भागभांडवल उभे केले. एवढे होऊनही खेळत्या भांडवलाची गरज राहिली होती. त्यासाठी चार लाख पौंडांचे, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे साठ लाख रुपयांचे, कर्जरोखे काढण्यात आले. हे सर्वच्या सर्व कर्जरोखे एकट्या माधवराव शिंद्यांनी घेतले.

या निर्णयाचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. साकचीला तेव्हा जंगल होते. भारतात आधुनिक पद्धतीने पोलाद तयार होऊ शकेल यावर इंग्रज तज्ज्ञांचा विश्वास नव्हता. ब्रिटिश सरकारचे रोखे घेतले असते तर व्याज कमी मिळाले असते, पण मुद्दल सुरक्षित राहिले असते. बहुसंख्य संस्थानिक हाच मार्ग धरीत. माधवरावांनी न झालेल्या कारखान्यावर पैसा लावला. भागधारक होण्याऐवजी कर्जरोखेधारक होणे यात हिशेबीपणाही होता. कारखान्याला नफा होवो न होवो, कर्जरोख्यांवरचे व्याज आधी द्यावे लागते. धाडस आणि सावधपणा यांचा हा मेळ त्यांच्या स्वभावाशी जुळणारा होता. १९१२ मध्ये साकचीत पोलाद तयार होऊ लागले. हेच गाव पुढे जमशेदपूर झाले आणि त्याच्या पोलादातून लोहमार्गाचे रूळ बनू लागले.

जुने जहाज

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा महाराजांनी आणखी एक मोठी खरेदी केली. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे प्रवासी जहाज १८९१ मध्ये बांधलेले होते. व्हँकुव्हर ते हाँगकाँग या मार्गावर दोन दशके चालून ते जुने झाले होते. त्या वर्षाच्या अखेरीस महाराजांनी ते घेऊन रुग्णालय-जहाजात रूपांतरित करविले. त्याचे नवे नाव ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा. जखमी सैनिकांची ने-आण करण्याचे काम त्याने केले. चीनमधील बॉक्सर बंडाच्या वेळी, १९०० मध्येही, त्यांनी असेच रुग्णालय-जहाज दिले होते आणि स्वतः चीनला गेले होते. साम्राज्याशी त्यांची निष्ठा पक्की होती. पुढे झालेल्या मुलाला आणि मुलीला त्यांनी जॉर्ज आणि मेरी ही राजघराण्यातील नावे जोडली. राष्ट्रीय चळवळ जोर धरीत असलेल्या काळात ही निष्ठा अनेकांना खटकणे स्वाभाविक होते.

पण वस्तू मालकाच्या इच्छेप्रमाणेच वागते असे नाही. युद्ध संपल्यावर राजनिष्ठेचे नाव धारण करणारे हे जहाज विक्रीस निघाले. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांना आगगाडीच्या प्रवासात ही बातमी समजली, असे सांगितले जाते. वालचंदांचा उद्योग लोहमार्गाच्या कंत्राटांपासून सुरू झालेला होता. जहाजाचा अनुभव नव्हता आणि समुद्रावर ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती. तरीही त्यांनी आणि नरोत्तम मोरारजी प्रभृती सहकाऱ्यांनी ते घेण्याचा निर्णय केला. नव्या कंपनीला नाव दिले सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. भारतीय मालकीच्या कंपनीचे जहाज या मार्गावर निघाल्याची आठवण म्हणून तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

जुने जहाज विकत घेण्यातील धोकेही याच प्रकरणात दिसले. प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेले ‘लॉयल्टी’ नव्या कंपनीला किफायतशीर ठरले नाही आणि १९२३ मध्ये ते मोडीत निघाले. कंपनी मात्र टिकली. मालवाहू जहाजे घेऊन, दरयुद्धे सोसून तिने स्वतंत्र भारताच्या जहाजवाहतुकीचा पाया घातला. ब्रिटिशांच्या बाजूने युद्धात उतरलेल्या राजाचे नाव ब्रिटिश मक्तेदारीशी झुंजणाऱ्या कंपनीला मिळाले, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

फसलेला बांध

माधवरावांचे सगळेच निर्णय यशस्वी झाले असे नाही. ग्वाल्हेरजवळ सांक नदीवर त्यांनी तिगरा धरण बांधविले. त्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी शोधलेले स्वयंचलित दरवाजे बसविण्यात आले. विश्वेश्वरय्यांचा प्रारंभीचा काळ आपल्याच भागात गेला होता. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सेवेत आल्यावर खानदेशात, धुळे परिसरातील पांझरा नदीच्या कालव्यावर नळांचा वक्रनळ बसविण्याचे अवघड काम त्यांनी तरुणपणीच केले होते. पुढे खडकवासल्यावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे यशस्वी झाले. तिगरा येथे मात्र धरणच फुटले. ऑगस्ट १९१७ मध्ये पायाखालच्या खडकातून पाणी झिरपून बांधाचा मोठा भाग वाहून गेला आणि खालच्या वस्तीत प्राणहानी झाली. दरवाज्यांत दोष नव्हता, पाया कमकुवत होता. नंतर धरण पुन्हा उभे राहिले आणि ग्वाल्हेर शहराला त्याचे पाणी आजही मिळते. पण त्या वर्षी जी माणसे गेली ती परत आली नाहीत. उत्तम यंत्र विकत घेतले तरी ते ज्या जमिनीवर उभे करायचे ती तपासावी लागते, हा धडा राज्याला फार महागात पडला.

उद्योगाकडील त्यांचा ओढा तरीही कमी झाला नाही. बिर्लांच्या जियाजीराव कॉटन मिल्सला ग्वाल्हेरमध्ये जागा मिळाली ती त्यांच्याच कारकिर्दीत, १९२१ मध्ये. संगीतातही तीच दृष्टी दिसते. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. घराण्यांच्या बैठकीत जपलेली विद्या शाळेत शिकविता येईल, असे त्यांना वाटत होते. राज्यकारभाराची सूत्रेही त्यांनी तपशीलवार लिहून छापवून घेतली. राजाची इच्छा हाच कायदा असलेल्या राज्यात इच्छेलाही लेखी शिस्त लावण्याचा हा प्रयत्न होता.

मागे उरलेले

५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये माधवरावांचे निधन झाले. वय पन्नाशीच्याही आत होते. पुत्र जिवाजीराव नऊ वर्षांचेही नसल्याने राज्याचा कारभार पुन्हा मंडळाकडे गेला. वडिलांच्या मृत्यूनंतर जे माधवरावांच्या वाट्याला आले, तेच त्यांच्या मुलाच्याही आले.

त्यांनी घेतलेल्या वस्तूंचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. दोन फुटी लोहमार्ग स्वातंत्र्यानंतर भारत सरकारकडे आला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी.आय.पी., निजाम, शिंदे आणि धोलपूर येथील लोहमार्ग एकत्र करून मध्य रेल्वे स्थापन झाली. भुसावळचे मोठे स्थानक आणि ग्वाल्हेरच्या राजाची छोटी गाडी अशा रीतीने काही काळ एकाच छत्राखाली आल्या. शिवपुरीचा फाटा पुढे बंद झाला, भिंडचा मार्ग रुंद झाला आणि श्योपूरची गाडी २०२० पर्यंत चालत राहिली. तिच्या जागी आता टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज मार्ग होत आहे. शंभराहून अधिक वर्षे जी गाडी गरीब माणसाची होती, ती मुळात एका श्रीमंत तरुणाने स्वतःसाठी घेतली होती, हे तिच्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

नातू माधवराव १९८६ ते १९८९ या काळात देशाचे रेल्वे खाते सांभाळीत होते. १९८८ मध्ये पहिली शताब्दी एक्स्प्रेस त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली आणि ती दिल्लीहून ग्वाल्हेरमार्गे झांशीकडे धावली. आजोबांच्या गाडीला जे अंतर कापायला अर्धा दिवस लागे, ते ही गाडी दोन तासांत मागे टाकीत होती.

चांदीची गाडी जयविलासमध्येच आहे. राजवाड्याचा एक भाग १९६४ पासून संग्रहालय म्हणून खुला झाला. ग्वाल्हेरला जाणारा महाराष्ट्रीय पर्यटक ती पाहिल्यावाचून परतत नाही. भोजनगृहात लांब मेजावर ती उभी असते, सुरया आपापल्या डब्यांत असतात आणि मार्गदर्शक तिच्या गमती सांगत असतो. टाटांच्या कर्जरोख्यांचे, लंडनला निघालेल्या जहाजाचे किंवा श्योपूरच्या धुळीने माखलेल्या डब्यांचे त्या दालनात काहीच दिसत नाही. माधवराव शिंद्यांच्या खरेदीतील जे कामी आले ते वापरून संपले किंवा दुसऱ्या रूपात पुढे गेले, आणि जे कामाचे नव्हते तेवढेच जसेच्या तसे राहिले. या राजाचे मोल ठरविताना मेजावर दिसणाऱ्या गाडीबरोबर न दिसणाऱ्या गाड्यांचाही हिशेब धरणे न्यायाचे होईल.